मुलं भूगोलाच्या प्रश्नांची उत्तरं मोबाइलवरून उतरवून आणतात. नीट शोधायला आणि पडताळायला कसं शिकवावं?

तुम्ही लिहिलंय की सातवी-आठवीच्या मुलांना दर आठवड्याला भूगोलाचे दहा सामान्यज्ञानाचे प्रश्न देता, मुलं मोबाइलवर दिसेल ते पहिलं उत्तर उतरवून आणतात, आणि दोघांची उत्तरं वेगळी निघाली की तास वादात जातो. मी पुण्यात मराठी माध्यमाच्या शाळेत बावीस वर्षं भूगोल शिकवते. तो वाद मला आता हवासा वाटतो. तास खरा तिथूनच सुरू होतो.

आधी दहा प्रश्न बंद करा. दहा प्रश्न दिले की मूल उरकतंच, त्यात त्याची चूक नाही. आठवड्याला दोन द्या, फार तर तीन. आणि पहिला प्रश्न मी सुचवते: महाराष्ट्रातला सर्वात मोठा जिल्हा कोणता?

याची माझ्या वर्गात दरवर्षी चार उत्तरं येतात. अहमदनगर, अहिल्यानगर, ठाणे, पुणे. चारही मुलं छातीठोकपणे सांगतात, कारण चौघांनी ते कुठेतरी वाचलेलं असतं. मग मी फळ्यावर चारही लिहिते आणि कोण बरोबर ते सांगत नाही. विचारते, ‘मोठा म्हणजे कशाने?’ क्षेत्रफळ की लोकसंख्या, हे दोन मिनिटांत कोणीतरी बोलतंच. क्षेत्रफळाने १७,०४८ चौरस किलोमीटरचा अहिल्यानगर सर्वात मोठा, आणि अहमदनगर हे त्याचंच आधीचं नाव, २०२४ मध्ये बदललेलं. म्हणजे पहिली दोन उत्तरं एकच झाली, फक्त पानं वेगवेगळ्या सालातली. ठाणे आणि पुणे मात्र अजून भांडत राहतात.

या भांडणाने मला एकदा चांगलंच शिकवलंय. २०१६ च्या डिसेंबरात शाळेत वर्गावर्गांची प्रश्नमंजुषा होती आणि प्रश्न मीच काढले होते. ‘लोकसंख्येने राज्यातला सर्वात मोठा जिल्हा कोणता?’ माझ्या कागदावर उत्तर होतं ठाणे. आठवीच्या गटाने पुणे सांगितलं, मी शून्य दिलं, आणि त्या शून्यामुळे त्यांचा पहिला नंबर गेला. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत त्या गटातली एक मुलगी वहीच्या मागच्या पानावर वजाबाकी मांडून घेऊन आली. २०११ च्या जनगणनेत ठाणे १,१०,६०,१४८. पण १ ऑगस्ट २०१४ ला पालघर वेगळा झाला. त्याच जनगणनेतले पालघरकडे गेलेले तालुके धरले तर २९,९०,११६. उरले ८०,७०,०३२. आणि पुणे ९४,२९,४०८. खाली तिने मुंबई उपनगरही लिहिलं होतं, ९३,५६,९६२, म्हणजे पुण्याच्या अगदी मागोमाग. ‘बाई, माणसं तीच आहेत, रेघ बदलली,’ असं ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीच्या परिपाठात मी सगळ्या शाळेसमोर सांगितलं की माझं उत्तर चुकीचं होतं, आणि त्या गटाचे गुण परत दिले. मला अजून वाईट वाटतं की ती मुलगी आली नसती तर ते शून्य तसंच राहिलं असतं.

त्या दिवसापासून मी प्रश्न काढतानाच तीन गोष्टी बघते आणि मुलांनाही उत्तराआधी त्याच बघायला लावते: कशाने मोजलं, कधीचं आहे, कोणी मोजलं. भूगोलाच्या सामान्यज्ञानात मुलं चुकतात ती बहुतेक वेळा इथेच. महाराष्ट्रात जिल्हे किती? २०१४ च्या आधीच्या पानावर ३५, नंतरच्या पानावर ३६. भारतात राज्यं किती? जून २०१४ मध्ये तेलंगण झाल्यावर २९, ३१ ऑक्टोबर २०१९ पासून २८. केंद्रशासित प्रदेश त्या दिवशी नऊ झाले आणि २६ जानेवारी २०२० ला दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव एकत्र आल्यावर आठ. मूल खोटं उतरवत नाही, शिळं उतरवतं. पानाची तारीख बघायची सवय लावली की निम्मं काम होतं.

मग शोधायचं कसं. माझी मुलं यासाठी वेगळी वही ठेवतात आणि तिचा एकच नियम आहे. पहिलं सापडलेलं उत्तर पेन्सिलने लिहायचं. ते गूगलच्या वर येणाऱ्या तयार उत्तरातलं असो, एआयने सांगितलेलं असो, विकिपीडियातलं असो किंवा काकांनी सांगितलेलं असो, चालेल. ज्याने मोजलं किंवा ज्याने ठरवलं त्याच्या स्वतःच्या कागदापर्यंत पोचलं की पेनाने गिरवायचं. लोकसंख्या असेल तर जनगणनेचे तक्ते. पाऊस असेल तर हवामान खातं. पुण्यातल्या मुलांना त्या खात्याचं शिवाजीनगरचं कार्यालय, सिमला ऑफिस, येताजाता दिसतं, त्यामुळे ‘हा आकडा तिथे मोजतात’ म्हटलं की त्यांचे डोळे चमकतात. नकाशा असेल तर भारतीय सर्वेक्षण विभाग. जुनी गावं, जुन्या वाटा, बाजार यांच्यासाठी गॅझेटियर, म्हणजे जिल्ह्याची माहिती देणारे सरकारी ग्रंथ. पुणे जिल्ह्याचा १८८५ सालचा जुना खंडही आंतरजालावर वाचायला मिळतो. संज्ञा समजत नसेल तर मराठी विश्वकोश. पेन्सिलचं उत्तर पेन्सिलचंच राहिलं तरी मी गुण कापत नाही. ‘इथपर्यंत पोचलो, पुढे सापडलं नाही’ असं लिहिलं तर उलट एक गुण जास्त देते. माझी वाटणी अशी आहे: उत्तराला दोन, शोधाला तीन. हे आधी जाहीर करा, नाहीतर मुलं पुन्हा उत्तराच्याच मागे धावतील.

सगळ्यात अवघड जातं ते हे समजावणं की दहा वेबसाइटवर एकच उत्तर दिसलं म्हणजे दहा साक्षीदार मिळाले असं होत नाही. सामान्यज्ञानाची पानं एकमेकांवरून उतरवलेली असतात. मी त्यांना एक युक्ती दाखवते: त्या पानावरचं एखादं लांबलचक, जरा विचित्र वाक्य अवतरणचिन्हांत टाकून शोधायचं. तेच वाक्य, त्याच शुद्धलेखनाच्या चुकीसकट, पंधरा ठिकाणी निघालं की मुलं स्वतःच हसतात आणि पंधरा खोडून एक लिहितात. दुसरी गोष्ट, शोधताना उत्तर आत टाकायचं नाही. ‘ठाणे सर्वात मोठा जिल्हा’ असं शोधलं तर ठाणेच मिळणार. ‘महाराष्ट्र जिल्हानिहाय लोकसंख्या’ असं शोधायचं, म्हणजे सगळे जिल्हे शेजारी शेजारी दिसतात.

नावांनीही मुलं फसतात. ‘पूर्णा कोणत्या नदीला मिळते?’ हा प्रश्न विचारून बघा. विदर्भातून वाहणारी पूर्णा तापीला मिळते, येलदरी धरण जिच्यावर आहे ती पूर्णा गोदावरीला, आणि गुजरातेत नवसारीची पूर्णा थेट समुद्राला. तिन्ही उत्तरं खरी आहेत, प्रश्नच अपुरा आहे. प्रश्न अपुरा आहे असं उत्तर लिहायची मुभा मुलांना असली पाहिजे. आमच्याकडे ते चक्क पूर्ण गुणांचं उत्तर आहे.

आता पानशेतविषयी जरा सविस्तर सांगते, कारण पुण्यातल्या मुलांसाठी मला याहून चांगला धडा सापडलेला नाही. ‘पानशेत धरण कोणत्या नदीवर आहे?’ घरी विचारलं तर बहुतेक ठिकाणी मुठा असंच सांगतात. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं तेव्हा पूर मुठेतून शहरात आला, आजी-आजोबांनी मुठेचंच पाणी पाहिलं, त्यामुळे ते साहजिक आहे. मी उत्तर सांगत नाही. सर्वेक्षण विभागाच्या पोर्टलवर नोंदणी करून उतरवून घेतलेला १:५०,००० चा नकाशा प्रोजेक्टरवर लावते. या नकाशावर एक सेंटीमीटर म्हणजे जमिनीवर अर्धा किलोमीटर. एका मुलाला उठवते आणि सांगते, खडकवासला धरणाच्या भिंतीवर बोट ठेव आणि पाण्याच्या उलट दिशेने चालत जा. बोट जलाशयातून वर सरकतं, आणि पुढे पाण्याला फाटे फुटतात. इथे वर्ग एकदम शांत होतो. कुठला फाटा धरायचा? एका वाटेने बोट मुठेवरच्या टेमघर धरणाला जातं. दुसऱ्या बाजूला पानशेत आणि वरसगाव ही धरणं जवळजवळ उभी, पण दोन वेगळ्या नद्यांवर: वरसगाव मोसे नदीवर, पानशेत आंबी नदीवर. आंबी आणि मोसे दोघी पुढे मुठेला मिळतात. मागच्या वर्षी बोट फिरवणारा मुलगा आंबीपाशी थांबला आणि वळून म्हणाला, ‘पण मग आजोबा पण बरोबरच आहेत ना? पाणी मुठेतूनच आलं.’ हो, आजोबाही बरोबर. त्यांनी पूर कुठून आला ते सांगितलं, प्रश्न धरण कुठे आहे असा होता.

भूगोलाचं हे मोठं भाग्य आहे की कितीतरी उत्तरं नकाशावर बोट ठेवून तपासता येतात. अक्षांश-रेखांश तर जरूर करून बघा. पुणे साधारण १८.५ उत्तर, ७३.८५ पूर्व. मुलांना आकडे उलटे टाकायला सांगा, ७३.८५ उत्तर आणि १८.५ पूर्व. पुणं थेट नॉर्वेच्या उत्तरेला थंडगार समुद्रात जाऊन पडतं. एकदा हे पाहिलेलं मूल पुन्हा क्रम चुकत नाही.

आकड्याचा अंदाजही असाच अंगात भिनवावा लागतो. कळसूबाईची उंची ५,४०० मीटर लिहून आणणारं मूल दरवर्षी असतंच. ५,४०० फूट म्हणजे १,६४६ मीटर. एकक बदललं एवढंच. मी खोडत नाही, विचारते की एव्हरेस्ट किती, आणि ५,४०० मीटरवर बर्फ असेल की करवंदाची जाळी? कळसूबाई चढलेलं एखादं मूल वर्गात असतंच, ते बाकीच्यांना सांगतं. एव्हरेस्ट ८,८४८ की ८,८४८.८६ हा वादही तिथेच निघतो. पहिला आकडा भारतीय सर्वेक्षणाचा, १९५५ चा. दुसरा नेपाळ आणि चीनने मिळून डिसेंबर २०२० मध्ये जाहीर केलेला.

किनाऱ्याच्या लांबीसाठी मात्र एक पूर्ण तास ठेवा. भारताचा किनारा वर्षानुवर्षं ७,५१६.६ किलोमीटर शिकवला गेला. अलीकडच्या सरकारी आकड्यात तो ११,०९८.८१ झाला. मुलं विचारतात, जमीन वाढली का? मी त्यांना शिवणाचा दोरा देते. आधी ॲटलासमधल्या लहान नकाशावर रत्नागिरीचा किनारा दोऱ्याने मोजायचा, मग तोच किनारा मोठ्या प्रमाणाच्या नकाशावर, आणि दोन्ही वेळा प्रमाणावरून किलोमीटर काढायचे. मोठ्या नकाशावर दाभोळची खाडी, जयगडची खाडी, प्रत्येक लहान वळण दिसायला लागतं, दोरा आत-बाहेर जातो आणि किलोमीटर वाढतात. किनारा जागचा हललेला नाही, नकाशा बारीक झाला. हाताने दोरा लावल्यावर हे सातवीच्या मुलालाही पटतं. परीक्षेत काय लिहायचं असं विचारतील; तेव्हा स्पष्ट सांगा, हातातल्या पाठ्यपुस्तकात जो आकडा आहे तो लिहा आणि शोधाच्या वहीत दुसरा सालासकट ठेवा.

ज्यांच्या घरी मोबाइल मुलांच्या हाती देत नाहीत त्यांच्यासाठी वर्गातच वेळ काढा. चौघांत एक संगणक पुरतो. एकाने टंकायचं, एकाने तारीख आणि नाव बघायचं, एकाने नकाशा उघडायचा, एकाने वहीत लिहायचं. दर आठवड्याला कामं बदला, नाहीतर टंकणारा कायम तोच राहतो.

पुढच्या सोमवारी सर्वात मोठ्या जिल्ह्याचा प्रश्न द्या, चारही उत्तरं फळ्यावर मांडा, आणि पेन्सिली बाहेर काढायला सांगा. तास संपेपर्यंत पेन कोणाचं निघालं नाही तरी काळजी करू नका. माझ्या वर्गात पहिल्या आठवड्यात एकाचंही निघालं नव्हतं.