स्टेटस बारमध्ये रमलेल्या मुलीविषयी

सप्रेम नमस्कार,

आपले पत्र मिळाले. नागपुरात बी.सी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या आपल्या मुलीने गांधीबागेतील आपल्या दुकानासाठी पायथनमध्ये बिलिंगचे सॉफ्टवेअर तयार केले, आणि आता ती महिनाभर केवळ त्याच्या तळाशी दिसणारा स्टेटस बार, म्हणजे काय चालले आहे ते सांगणारी पट्टी, घडवत बसली आहे. हा वेळ वाया जात आहे का, असे आपण विचारले आहे. माझ्या मते तो वाया जात नाही.

पायथनसोबत येणाऱ्या टीकिंटर या खिडक्या-बटणे बनवण्याच्या साधनात स्टेटस बार तयार मिळत नाही. तळाशी लेबल ठेवून तो स्वतःच बांधावा लागतो. क्यूटी या तशाच दुसऱ्या साधनात तो तयार मिळतो, पण तेथे विचार अधिक करावा लागतो, कारण काही सेकंदांनी पुसला जाणारा तात्पुरता संदेश आणि त्या संदेशाखाली कधीही न झाकला जाणारा कायमचा घटक अशा दोन्ही सोयी त्यात आहेत. ‘बिल सेव्ह झाले’ हे तीन सेकंद दिसले तरी पुरे. ‘प्रिंटर बंद आहे’ हे मात्र प्रिंटर सुरू होईपर्यंत दिसलेच पाहिजे. कोणती माहिती कुठे ठेवायची, हे ठरवणे म्हणजेच इंटरफेस डिझाइन, आणि ते ती दुकानातल्या खऱ्या गरजेवरून शिकत आहे.

तिला एक काम अवश्य सांगा: बॅकअप सुरू असताना तो किती टक्के झाला, हे पट्टीवर दिसू द्यावे. बॅकअप मुख्य थ्रेडवरच, म्हणजे खिडकी सांभाळणाऱ्या कामाच्या ओळीवरच, चालवला, तर खिडकी गोठते आणि आकडा हलत नाही. म्हणून ते काम वेगळ्या थ्रेडवर नेऊन क्यूटीच्या सिग्नलद्वारे, म्हणजे निरोप पाठवण्याच्या सोयीने, मुख्य थ्रेडला कळवावे लागते, कारण विजेटला, म्हणजे लेबल-बटणासारख्या पडद्यावरच्या घटकाला, हात लावण्याचे काम मुख्य थ्रेडनेच करायचे असते. हे ज्याने स्वतः केले आहे, त्याला मुलाखतीत थ्रेडविषयी पाठांतर करून जावे लागत नाही. शिवाय पट्टीची उंची इंग्रजी अक्षरांच्या मापाने पक्की केली असेल, तर ‘पूर्ण’ या शब्दातला रफार किंवा ऊकार कापला जाऊ शकतो. मराठीत काम करणाऱ्या ग्राहकासाठी ही बाब मला फार महत्त्वाची वाटते.

नोकरीचे म्हणाल, तर केवळ डेस्कटॉप इंटरफेसच्या भरवशावर राहू नये, कारण नव्या कामाचा मोठा भाग वेब आणि मोबाइलकडे गेला आहे. तरीही कारखान्यांचे नियंत्रण कक्ष, प्रयोगशाळेतील उपकरणे, वैद्यकीय यंत्रे येथे डेस्कटॉप सॉफ्टवेअर लागतेच, आणि त्या वाटेने जायचे असल्यास क्यूटीबरोबर सी++ शिकावे. वेबकडे वळायचे असल्यास व्हीएस कोड हा कोड लिहिण्याचा संपादक चांगला दुवा आहे. तो इलेक्ट्रॉनवर, म्हणजे वेब तंत्रज्ञानावर उभा आहे, आणि त्याच्या तळपट्टीत आपला घटक जोडणारे छोटे एक्स्टेन्शन (जोड-प्रोग्राम) टाइपस्क्रिप्ट या भाषेत लिहिता येते. संपूर्ण प्रकल्पाशी संबंधित माहिती डावीकडे, तर उघड्या फाइलची उजवीकडे, हा तेथील संकेतही तिला उपयोगी पडेल.

मात्र रंग आणि चिन्हे बदलत राहण्याला मर्यादा घालावी. या सत्राअखेर काम गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर ठेवावे आणि कोणता संदेश तात्पुरता, कोणता कायम व का, हे रीडमीमध्ये, म्हणजे प्रकल्पाच्या ओळखपत्रकात, एका पानात लिहावे. त्याआधी काउंटरवरच्या आपल्या माणसाला तासभर बिले करू द्यावीत, मुलीने शेजारी बसून काहीही न सांगता पाहावे, आणि पट्टीवरचा कोणता संदेश त्याच्या नजरेतून सुटतो, हे टिपून घ्यावे.

आपला,
करिअर मार्गदर्शक