‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे नक्की कधी?

प्रिय,
अनेक आशीर्वाद.

शुक्रवारी रात्री पावणेबाराला अहवाल पाठवूनही उशीर केल्याचा ठपका तुझ्यावर आला, हे वाचून वाईट वाटले. ‘शुक्रवारपर्यंत’ म्हणताना कामकाजाची वेळ संपेपर्यंत की मध्यरात्रीपर्यंत, हे अहवाल मागणाऱ्यांनी सांगितले नाही आणि तू विचारले नाहीस. मुदत देणाऱ्याला ते काम आपण केव्हा हाती घेणार हे दिसत असते, तर करणाऱ्याला ते हातावेगळे करण्याची शेवटची घटका दिसत असते. त्यामुळे एकाच शब्दातून दोघे दोन वेगळ्या वेळा ऐकतात आणि यात लबाडी कुणाचीच नसते.

अशा जागा ओळखायला शिक. बुधवारी कुणी ‘पुढच्या शुक्रवारी’ म्हणाले, तर तो दोन दिवसांवरचा की त्यानंतरच्या आठवड्यातला? ‘दहा दिवसांत’ म्हणजे आजचा दिवस धरून की सोडून, आणि सुट्ट्यांचे काय? ‘शनिवारी रात्री १२’ हा शब्दप्रयोग तर मला सर्वांत घातक वाटतो, कारण शनिवार सुरू होतानाचे बारा की संपतानाचे, हे त्यातून कळतच नाही. म्हणूनच जाणती माणसे ११ वाजून ५९ मिनिटे असे लिहितात. ०३/०४ ही तारीख अमेरिकेत ४ मार्च होते आणि ब्रिटनमध्ये ३ एप्रिल, तेव्हा महिना अक्षरांत लिहावा. अनेक आंतरराष्ट्रीय संशोधन परिषदा मुदतीपुढे ‘पृथ्वीवर कुठेही’ अशी अट घालतात. जगात कुठेही ती तारीख चालू असेपर्यंत निबंध स्वीकारला जातो, म्हणजेच यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेच्या १२ तास मागे असलेले घड्याळ प्रमाण मानले जाते. एवढी स्पष्टता रोजच्या कामात क्वचितच मिळते.

शिवाय काय द्यायचे, हेही अनेकदा मोघमच राहते: कच्चा मसुदा की अंतिम प्रत, आणि पाठवला म्हणजे झाले की त्यांच्या हाती पडायला हवा?

प्रश्न विचारला तर आपण अडाणी ठरू, हा संकोच मी समजू शकतो. त्यावर उपाय असा, की नुसता प्रश्न न विचारता आपण लावलेला अर्थच लिहून कळवावा: “शुक्रवारी सायंकाळी ५ पर्यंत अंतिम प्रत आपल्याकडे पोहोचेल असे मी धरले आहे, वेगळे अपेक्षित असल्यास कृपया कळवावे.” हे काम स्वीकारतानाच करावे, मुदत तोंडावर आल्यावर नव्हे.

उद्या तू स्वतः मुदत देशील, तेव्हा तिच्यामागचे कारणही सांगत जा. “सोमवारी सकाळी १० वाजता मी हे तपासायला घेणार आहे” असे कळल्यावर समोरच्याला रविवारी रात्री पाठवले तर चालेल का, हे वेगळे विचारावे लागत नाही. मुद्दाम अलीकडची तारीख सांगून काम लवकर पदरात पाडून घेण्याची पद्धत मला मुळीच पसंत नाही. ती एकदा उघडकीस आली, की तुझ्या खऱ्या तारखांवरही कुणी विश्वास ठेवत नाही.

नव्या कामासाठी तुला ‘महिनाअखेर’ एवढेच सांगितले आहे. महिन्याचा शेवटचा दिवस रविवारी येत असेल, तर आधीचा शुक्रवार धरायचा की नंतरचा सोमवार, हे उद्याच लेखी विचारून घे आणि आलेले उत्तर जपून ठेव.

तुझा हितचिंतक