‘मामावर गेलाय’ म्हणण्याआधी

मुलाने चोरी केली, मारामारी केली, शाळेतून बोलावणं आलं, की आईवडील सल्ल्यासाठी माझ्यासमोर बसून आधी भलतंच काहीतरी बोलत राहतात. मार्क, झोप, मोबाइल, मित्र. मग एकदाचा खरा प्रश्न बाहेर येतो: ‘हा पुढे गुन्हेगार तर होणार नाही ना?’ आणि त्याच्या पाठोपाठ दुसरा: ‘आमचं काय चुकलं?’

अशाच एका कुटुंबाबद्दल लिहिते आहे. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. मुलाला नीरज म्हणू. वय पंधरा. दोन मित्रांबरोबर शाळेतल्या मुलांच्या बॅगांमधून फोन काढायचे आणि विकायचे, असा प्रकार काही महिने चालला आणि एक दिवस तिघंही सापडले. शाळेने पालकांना बोलावलं, भरपाई मागितली, प्रकरण बाहेर जाऊ दिलं नाही. नीरज आणि दुसरा मुलगा ताकीद देऊन शाळेत राहिले. तिसऱ्याला शाळेतून काढून घरी पाठवलं. त्याच्याकडे शेवटी येते.

वडील चिडलेले, आई खचलेली. ती म्हणाली, ‘मॅडम, खरं सांगू? हा माझ्या भावावर गेलाय.’ भाऊ कधीकाळी फसवणुकीच्या गुन्ह्यात तुरुंगात जाऊन आलेला. तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. निघतं ते नीरजने काही केलं की. लहानपणी भावंडाचं खेळणं लपवलं तेव्हाही निघालं होतं.

गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, हे मत एकेकाळी शास्त्र म्हणून मिरवत होतं. 1876 मध्ये लोम्ब्रोसो या इटालियन डॉक्टरने कवटी आणि जबड्याच्या ठेवणीवरून गुन्हेगार ओळखता येतो असं लिहिलं. ते कधीच मोडीत निघालं, पण घराघरांत ‘मामावर गेलाय’ तग धरून आहे. उतावळेपणा, धोका पत्करायची हौस यांत आनुवंशिकतेचा वाटा असतो, ते मी नाकारत नाही. पण फोन कुणाच्या बॅगेतून काढायचा, कुणाला विकायचा आणि नंतर शांत झोप लागावी म्हणून स्वतःला काय सांगायचं, हे रक्तातून येत नाही. ते कुणाकडून तरी शिकावं लागतं.

आईला मी शिकागोचं उदाहरण दिलं. शॉ आणि मॅके या दोन अभ्यासकांनी तिथल्या बालन्यायालयाच्या नोंदी दशकानुदशकं तपासल्या आणि 1942 मध्ये निष्कर्ष मांडले. शहराच्या मध्याजवळच्या काही वस्त्यांमध्ये बालगुन्हेगारीचं प्रमाण कायम जास्त होतं. त्या वस्त्यांमध्ये राहणारे लोक मात्र सतत बदलत होते. आधी जर्मन आणि आयरिश, मग पोलिश आणि इटालियन. जे लोक बाहेर पडून बऱ्या भागात गेले, त्यांच्या मुलांमधलं प्रमाण खाली आलं. दोष रक्तात असता तर तो सामानाबरोबर नव्या घरी गेला असता.

आईचा चेहरा जरा सैलावला. वडिलांचा नाही. ‘मग संगतच वाईट. ढवळ्याशेजारी बांधला पवळ्या, वाण नाही पण गुण लागला.’ बरोबरच आहे, निदान अर्धं. अमेरिकी समाजशास्त्रज्ञ सदरलंड यांनी 1939 मध्ये हेच जास्त नेमकेपणाने मांडलं: गुन्हा शिकला जातो, तोही जवळच्या माणसांमध्ये. फक्त करायची पद्धत शिकत नाहीत, त्यामागचे हेतू आणि समर्थनंही शिकतात. संगत किती वेळा, किती काळ, किती लहान वयापासून आणि किती जिव्हाळ्याची, यावर सगळं ठरतं. अडचण एवढीच, की त्या दुसऱ्या मुलाच्या घरीही हीच म्हण चालू होती आणि तिथे ढवळ्या नीरज होता. हे आईनेच सांगितलं. तिन्ही घरांत एकेक पवळ्या, ढवळ्या कुठेच नाही.

नीरजशी एकट्याशी बोलणं झालं ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं, म्हणून त्यावर जरा थांबते.

पहिल्यांदा तो काहीच बोलेना. मग मी म्हटलं, ‘सगळे तुला विचारतायत का केलंस. मी ते विचारत नाही. त्या दिवशी संध्याकाळी घरी जाताना मनात काय चाललं होतं, ते सांग.’ हळूहळू वाक्यं येत गेली. मी ती त्याच्याच शब्दांत कागदावर उतरवून घेतली.

‘मी बॅगेला हातसुद्धा लावला नाही, फक्त दारात उभा होतो.’
‘त्यांना काय फरक पडतो? आठवड्यात नवीन फोन आला.’
‘तो मुलगा आम्हाला किती घालूनपाडून बोलायचा, त्याचा गेला तर बरंच झालं.’
‘सर स्वतः परीक्षेत ठरावीक मुलांना कॉपी करू देतात, ते आम्हाला शिकवणार?’
‘मित्राला एकट्याला सोडून देऊ का?’

1957 मध्ये साइक्स आणि मात्झा या समाजशास्त्रज्ञांनी बालगुन्हेगारांची समर्थनं पाच प्रकारांत मांडली: जबाबदारी माझी नाही, नुकसान झालंच नाही, त्याची लायकीच ती, बोलणारे कुठले साधू, आणि मला माझ्या माणसांना धरून राहायचं होतं. पाचही माझ्या कागदावर उतरलेली होती. मुलाने काही वाचलेलं नव्हतं. पण पालकांना मी नेहमी सांगते तो भाग पुढचा आहे. ज्याला चूक-बरोबर कळतच नाही, त्याला समर्थनाची गरज पडत नाही. ही वाक्यं लागतात ती आतल्या टोचणीला गप्प करायला. म्हणजे टोचणी आहे.

कागद त्याच्यासमोर ठेवला आणि म्हटलं, ‘दुसरं वाक्य मोठ्याने वाच.’ वाचलं. मी विचारलं, ‘सगळ्यांनाच नवीन फोन आला?’ बराच वेळ गेला. मग म्हणाला, ‘एका मुलीला नाही आला. तिनेच हरवला म्हणून तिला घरी मार बसला. तेव्हापासून तिला फोन देतच नाहीत.’ हे त्याला आधीपासून माहीत होतं. फक्त त्या दुसऱ्या वाक्याखाली दडपलेलं होतं. पुढच्या भेटींमध्ये आम्ही जे काम केलं, त्याची सुरुवात त्या मुलीपासून झाली.

निघताना अजून एक बोलला. ‘बाबा पण ऑफिसात प्रवासाची खोटी बिलं लावतात. आई हसते.’

त्याची परवानगी घेऊन हे मी वडिलांसमोर काढलं. ते उसळले. ‘तो वेगळा विषय आहे. सगळेच करतात.’ आता हे वाक्य पाचांपैकी कुठल्या खणात बसतं, ते वाचकांनी ठरवावं. ज्या सदरलंडचं नाव वर आलं, त्यांनीच 1939 मध्ये अमेरिकी समाजशास्त्र संघटनेच्या अध्यक्षपदावरून बोलताना प्रतिष्ठित माणसांनी आपल्या व्यवसायात केलेल्या गुन्ह्यांकडे लक्ष वेधलं होतं. गरिबी, मोडलेलं घर, बिघडलेलं डोकं ही गुन्ह्याची ठरलेली कारणं या मंडळींना लागूच पडत नाहीत, हा त्यांचा मुद्दा होता. खोटं बिल लावणाऱ्याला कुणी ‘मामावर गेलाय’ म्हणत नाही.

‘पण याला कमी काय होतं?’ हा आईचा प्रश्न रास्त होता. समाजशास्त्रज्ञ मर्टन यांनी 1938 मध्ये म्हटलं होतं की समाज यशाचं एकच चित्र सगळ्यांपुढे टांगतो, पण तिथे पोहोचायच्या सरळ वाटा सगळ्यांना देत नाही. मग काही जण आडवाट धरतात. नीरजला हे अर्धंच लागू होतं. पैशांची ओढाताण त्याच्या घरी नव्हती. शाळेत मात्र तो सतत मागे होता, आणि गुणांच्या मापाने जे मोजून हरतात ती मुलं आपलं वेगळं माप तयार करतात, हे आल्बर्ट कोहेन यांचं 1955 मधलं निरीक्षण त्याला जवळचं होतं. त्या तिघांमध्ये डेअरिंगला किंमत होती आणि तिथे नीरजचा पहिला नंबर होता.

दुसरं कारण आईच्या बोलण्यात सहज येऊन गेलं. परीक्षेचं वर्ष म्हणून त्याचं पोहणं बंद केलं होतं. हिर्शी यांनी 1969 मध्ये प्रश्नच उलटा केला: माणसं गुन्हा का करतात हे सोडा, बाकीचे का करत नाहीत? त्यांचं उत्तर होतं, समाजाशी असलेले धागे. माणसांबद्दलची ओढ, हातचं जाईल असं काहीतरी, वेळ भरून टाकणारं काम, आणि नियमांवरचा विश्वास. पोहणं बंद झालं तेव्हा यातले तीन धागे एकदम सुटले: प्रशिक्षक, स्पर्धेतली निवड आणि रोजची संध्याकाळ. ते पोहणं पुन्हा सुरू करा, एवढा एकच सल्ला वडिलांनी लगेच मानला.

बाकीच्या बाबतीत झगडावं लागलं. ओळखीच्या अधिकाऱ्याला सांगून मुलाला तुरुंग दाखवून आणायचा, चांगला घाबरवायचा, असा वडिलांचा बेत होता. बऱ्याच घरांत हा बेत शिजतो. अमेरिकेत 1970च्या दशकात असे कार्यक्रम गाजले. जन्मठेपेचे कैदी मुलांवर ओरडायचे, मुलं रडायची, पालक समाधानाने घरी जायचे. पुढे मुलांचे चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून नीट तुलना झाली, तेव्हा तुरुंग पाहून आलेल्या मुलांनी न पाहिलेल्यांपेक्षा जास्त गुन्हे केल्याचं दिसलं. हे ऐकवल्यावर बेत रद्द झाला, जरा नाराजीने.

आणि घरातलं वातावरण. कपाटाला नवं कुलूप आलं होतं. पाकिटातल्या नोटा रोज मोजल्या जात. बहिणीला हेडफोन सापडेना की सगळ्यांच्या माना नीरजकडे वळत. तो मला म्हणाला, ‘काहीही हरवलं तरी मीच. मग घेतलं तर काय बिघडलं?’ लेमर्ट यांनी 1951 मध्ये जो फरक केला, तो या एका वाक्यात आहे. पहिली चूक शंभर कारणांनी होते. तिच्यावर लोक जे शिक्के मारतात, त्या शिक्क्यांना उत्तर म्हणून होणारी चूक वेगळी, आणि ती जास्त चिवट असते. हॉवर्ड बेकर यांनी 1963 मध्ये याच धाग्यावर पुढे लिहिलं. ही मांडणी पहिल्या चोरीचं कारण सांगत नाही, तिची ही मर्यादा मला मान्य आहे. शिक्षा नकोच, असंही तिच्यातून निघत नाही. ब्रेथवेट यांनी 1989 मध्ये दोन प्रकारची लाज वेगळी केली: कृत्य वाईट म्हणून माणसाला परत आत घेणारी, आणि माणूसच वाईट म्हणून त्याला बाहेर ठेवणारी. म्हणून आम्ही असं ठरवलं: पैसे आणि मौल्यवान वस्तू सगळ्यांच्याच बंद कपाटात, एकट्या नीरजपासून लपवून नाही. झडती बंद. भरपाईतला त्याचा वाटा त्याच्या हातखर्चातून, लागतील तितके महिने. त्या मुलीच्या घरी जाऊन, फोन तिने हरवला नव्हता, हे तिच्या वडिलांना त्याने स्वतः सांगायचं. आणि मामाचा विषय या संदर्भात पुन्हा काढायचा नाही.

तो त्या घरी गेला. वडील बरोबर होते, पण बोलला तोच.

मग आईचा मूळ प्रश्न. गुन्हेगार होईल का? समाजशास्त्र प्रमाणांबद्दल बोलतं, एका मुलाची कुंडली मांडत नाही. तरी काही गोष्टी पक्क्या आहेत. गुन्ह्यांचं प्रमाण किशोरवयाच्या अखेरीस आणि ऐन तारुण्यात सर्वांत जास्त असतं आणि पुढे उतरत जातं, हे बेल्जियन संख्याशास्त्रज्ञ केटले यांनी एकोणिसाव्या शतकातच आकड्यांनी दाखवलं होतं. बॉस्टनमधल्या 500 बालगुन्हेगारांच्या जुन्या नोंदी सॅम्पसन आणि लाउब यांनी पुन्हा उघडल्या, त्यांतल्या काहींचा सत्तरीपर्यंत माग काढला. जवळपास सगळे कधी ना कधी थांबले होते. स्थिर नोकरी, चांगला संसार अशा गोष्टींनी अनेकांची वाट वळली. आईला मी म्हटलं, ‘बहुतेक नाही. पण आपण हात बांधून वाट पाहायची नाही.’ खूप लहानपणापासून, घरी, शाळेत आणि बाहेर सगळीकडे सतत आक्रमकता, प्राण्यांशी किंवा लहान मुलांशी क्रूरपणा असं असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बालमानसोपचारतज्ज्ञाला लवकर दाखवावं. नीरजच्या बाबतीत यातलं काही नव्हतं.

काही महिन्यांनी आई एकटीच आली. तिसऱ्या मुलाला नीरज चोरून भेटत होता. ‘तोडायचीच ना ही मैत्री?’

चँब्लिस यांनी 1973 मध्ये एकाच शाळेतल्या दोन टोळक्यांबद्दल लिहिलं होतं. आठ मुलं खात्यापित्या घरची, सहा गरीब घरची. उपद्व्याप आठांचेही कमी नव्हते. पण गाव आणि पोलीस एका गटाला वात्रट समजत आणि दुसऱ्याला गुंड. आठांपैकी कुणालाही त्या काळात अटक झाली नाही. मी आईला विचारलं, तिघांनी मिळून केलं, मग घरी एकच का गेला? ती म्हणाली, ‘त्याचे वडील भेटायला आले नाहीत. आम्ही दोघं गेलो, इंग्रजीत बोललो.’ स्वतःच म्हणाली आणि गप्प झाली.

मैत्री तोडायला लावली तर ती चोरून चालते, आणि चोरून भेटलं की त्यात कुणा मोठ्या माणसाचा वावर उरत नाही. मी सुचवलं, त्याला घरी येऊ द्या, तुमच्यापैकी कुणीतरी असताना. आईला पटलं नाही. वडिलांना पटलं, हे मला अनपेक्षित होतं. आता तो आठवड्यातून एकदा येतो आणि नीरजबरोबर पोहायलाही जातो. त्याला निदान बाहेरून परीक्षेला बसू द्यावं म्हणून नीरजच्या वडिलांनी शाळेला अर्ज दिला आहे. शाळेचं म्हणणं, त्याच्या पालकांनी स्वतः यावं. त्यांना बरोबर घेऊन जायचं ठरतं आहे.