लायसन्स नको, म्हणजे फुटपाथ आपला?

प्रश्न : माझी मुलगी १९ वर्षांची आहे, शिकायला बर्लिनला चालली आहे. तिथे कॉलेजला जायला-यायला उभ्याने चालवायची ई-स्कूटर घ्यायची म्हणते. लायसन्स लागत नाही म्हणे. मग फुटपाथवरून चालवली तर काय हरकत आहे? रस्त्यावरच्या गाड्यांची मला भीती वाटते. तिचा साधा स्केटबोर्डही ती नेणार आहे. सुट्टीत पॅरिस आणि लंडनलाही स्कूटर सोबत नेता येईल का?
– एक आई

उत्तर : ताई, लायसन्स लागत नाही हे खरं आहे. पण त्यावरून फुटपाथची परवानगी गृहीत धरू नका. जर्मनीत जून २०१९ पासून या स्कूटरसाठी वेगळी नियमावली आहे आणि तिच्यात फुटपाथवर चालवायला साफ मनाई आहे. सायकलमार्ग असेल तर त्यावरून, नसेल तर रस्त्यावरून जायचं. मागे कुणाला उभं करून न्यायचं नाही. दारूची मर्यादाही मोटार चालवणाऱ्याला असते तीच.

तुमची भीती मी समजू शकते, पण फुटपाथचा हिशेब तिला करायला सांगा. ताशी २० किलोमीटर म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. समोर कुणी आलं हे कळून बोटं ब्रेकवर आवळेपर्यंत तेवढं अंतर सहज संपतं, आणि दारातून बाहेर पडणारा माणूस दोन पावलांत फुटपाथवर असतो. चालणाऱ्याच्या चौपट वेग, म्हणजे तेवढ्याच वजनाला सोळापट ऊर्जा. माझ्या आईला अंधुक दिसतं, ती कानांच्या भरवशावर चालते. ही स्कूटर मागून आली तर तिला ऐकू येत नाही. या बाबतीत मी कुणालाही सवलत द्यायला तयार नाही. फुटपाथ चालणाऱ्यांचा आहे.

रस्त्यावर तिला खरा धोका लहान चाकांचा असेल. सायकलचं चाक ज्या खड्ड्यातून निघून जातं, त्यात हे अडकतं आणि उभा माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. जर्मनीत हेल्मेट सक्तीचं नाही, तरी तिला ते घ्यायलाच लावा. ट्रामचे रूळ तिरके न ओलांडता शक्य तितके काटकोनात ओलांडायचे, हेही सांगून ठेवा.

खरेदी करताना दोन गोष्टी बघायच्या. एक म्हणजे त्या मॉडेलला जर्मनीत रस्त्यावर चालवायची मंजुरी हवी. तिथे या स्कूटरना ताशी २० किलोमीटरची मर्यादा आहे, दोन स्वतंत्र ब्रेक आणि दिवे लागतात. इंटरनेटवर स्वस्तात मिळणाऱ्या जास्त वेगाच्या कितीतरी गाड्या यात बसत नाहीत, म्हणून इथून घेऊन पाठवू नका. दुसरी गोष्ट विम्याच्या पट्टीची. तिथे या स्कूटरला विमा लागतो, आणि तो काढल्याची खूण म्हणून ही पट्टी स्कूटरच्या मागे लावतात. ती दरवर्षी १ मार्चला बदलते आणि रंगही बदलतो, त्यामुळे जुन्या रंगाची पट्टी पोलिसांना लांबूनच कळते. जुनी गाडी घेतली तर हे आधी पाहायचं.

स्केटबोर्डचं उलट आहे. मोटर नसलेला स्केटबोर्ड तिथे वाहनात धरत नाहीत, त्याला पादचाऱ्याचे नियम लागतात. म्हणजे तो फुटपाथवरच, आणि गर्दीत उतरून हातात घ्यायचा. मोटरचा स्केटबोर्ड मात्र घेऊ नका. त्याला हँडल नसतं आणि हँडलशिवाय ई-स्कूटरच्या नियमावलीत बसता येत नाही, त्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर तो चालवता येत नाही.

पॅरिसला स्कूटर नेता येईल. एप्रिल २०२३ मधल्या मतदानाची बातमी वाचून तिथे सगळ्याच स्कूटर बंद झाल्या असं अनेकांना वाटतं. मतदान झालं ते भाड्याच्या स्कूटरबद्दल. मतदार ८ टक्क्यांहून कमी आले, पण आलेल्यांपैकी सुमारे ८९ टक्क्यांनी विरोध केला आणि सप्टेंबरपासून त्या रस्त्यांवरून हटवल्या गेल्या. स्वतःच्या स्कूटरवर बंदी नाही. फ्रान्समध्ये मर्यादा ताशी २५ आहे, विमा तिथेही लागतो, आणि फुटपाथवर चालवताना सापडल्यास १३५ युरो दंड. जर्मनीतला विमा फ्रान्समध्ये लागू आहे का, हे विमा कंपनीकडून लेखी घ्यायला सांगा.

लंडनला मात्र स्कूटर नेऊ नका. ब्रिटनमध्ये स्वतःची ई-स्कूटर रस्त्यावर, फुटपाथवर, सायकलमार्गावर, कुठेच चालवता येत नाही. फक्त खासगी जागेत, तेही मालकाच्या परवानगीने. लंडनच्या भुयारी रेल्वेत आणि बसमध्ये तर ती घडी करून नेण्यावरही डिसेंबर २०२१ पासून मनाई आहे, कारण बॅटरीला आग लागण्याचे प्रकार झाले होते. प्रायोगिक योजनेतली भाड्याची स्कूटर तिथे घेता येते, पण त्यासाठी लायसन्स लागतं. मुलीकडे ते नसेल तर लंडनला बसच बरी.