रिपोर्टमध्ये आकडा ठळक आला, म्हणजे आजार झाला का?

प्रश्न : वय ४२, त्रास काहीच नाही. ‘फुल बॉडी चेकअप’मध्ये पोटॅशियम ५.८ आणि टीएसएच (थायरॉइडची चाचणी) ६.१ असे दोन आकडे ठळक छापून आले. औषध सुरू करावं का?

उत्तर : एवढ्यावरून औषध नको. निरोगी लोकांपैकी मधल्या ९५ टक्क्यांचे आकडे ज्या मर्यादेत बसतात, तिला बहुतेक चाचण्यांत ‘नॉर्मल’ म्हणतात. उरलेले ५ टक्केही धडधाकटच असतात. एकमेकींशी संबंध नसलेल्या २० चाचण्या एकदम केल्या, तर ठणठणीत माणसाचाही निदान एक आकडा मर्यादेबाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के भरते. म्हणून मनात काही शंका असेल, तरच तिच्यासाठी चाचणी करावी.

तुमचं पोटॅशियम मात्र आज-उद्यातच पुन्हा तपासा. बहुतेक पोटॅशियम पेशींच्या आत असतं. रक्त जोरात ओढलं आणि लाल पेशी फुटल्या, की ते नमुन्यात उतरतं. दंडाचा पट्टा मिनिटापेक्षा जास्त वेळ आवळून ठेवला किंवा मुठीची उघडझाप करायला लावली, तरी आकडा फुगतो. रिपोर्टखाली ‘हिमोलाइज्ड’ (लाल पेशी फुटलेल्या) असा शेरा आहे का बघा. तो सहसा कोणी वाचतच नाही. या वेळी मूठ सैल ठेवा आणि रक्त शक्यतो लॅबमध्येच जाऊन द्या. किडनीचा विकार असेल, किंवा रक्तदाब-हृदयासाठीच्या टेल्मिसार्टन, रामिप्रिल, स्पायरोनोलॅक्टोन या औषधांपैकी काही चालू असेल, तर आजच डॉक्टरांना गाठा, ईसीजी लागेल. छातीत धडधड किंवा हातापायांतली ताकद गेल्यासारखी वाटली, तर थेट रुग्णालयात जा.

टीएसएचला घाई नाही. दोन-तीन महिन्यांनी फ्री टी-फोर या थायरॉइडच्याच दुसऱ्या चाचणीसोबत पुन्हा करा. किरकोळ वाढ पुष्कळदा आपोआप उतरते. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर डॉक्टरांना सांगून निदान दोन दिवस आधी थांबवा, काही यंत्रांवर त्यांनी आकडे चुकतात. गरोदर असाल किंवा दिवस राहावेत असा प्रयत्न चालू असेल, तर मात्र थांबू नका.

प्रश्न : शुगरसाठी एचबीएवनसी दर महिन्याला करावी का?

उत्तर : नको. रक्तातली साखर लाल पेशीतल्या हिमोग्लोबिनला चिकटते. ही पेशी सुमारे १२० दिवस जगते आणि साधारण तेवढ्या काळातली सरासरी साखर हा आकडा दाखवतो. औषध बदललं, तरी तीन महिन्यांनी करा. लोहाची कमतरता असेल तर तो खोटा वाढतो, नुकताच रक्तस्राव झाला असेल तर खोटा उतरतो. म्हणून सोबत हिमोग्लोबिन बघायला सांगा.