बॉक्सर उसिक भारी की जुने चॅम्पियन? आधी हे बघ

अरे, हेवीवेट म्हणजे सगळ्यात जड गटातल्या बॉक्सरांची रेकॉर्डवरून तुलना करू नकोस, नवीन माणूस तिथेच फसतो. 1950च्या दशकातला चॅम्पियन मार्सियानो 49-0 वर, म्हणजे 49 जिंकून एकही न हरता, रिटायर झाला, मान्य, पण त्याचं वजन जेमतेम 85 किलो, आज तो क्रूझरवेटमध्ये, म्हणजे हेवीवेटपेक्षा हलक्या गटात, खेळला असता कारण ती कॅटेगरी त्याच्या काळात नव्हतीच. आणि उसिक स्वतः क्रूझरवेटमधूनच वर आलाय, तरी 2024 मध्ये 6 फूट 9 इंची हेवीवेट चॅम्पियन फ्युरीला हरवलं. ती पहिली फाइट आवाज बंद करून बघ, नववा राउंड तर दोनदा बघ, उसिकचा लेफ्ट बसल्यावर फ्युरी दोरांवर कसा लटपटतो आणि रेफरी काउंट घेतो. पण बघताना पंचपेक्षा उसिकच्या पायांवर नजर ठेव, खरी गंमत तिथे आहे.

आता राउंडचं. अली-फ्रेझरच्या काळात टायटल फाइट 15 राउंडची, आता 12. 1975 ला मनिलात या दोघांच्या फाइटमध्ये चौदाव्या राउंडनंतर फ्रेझरच्या कॉर्नरने, म्हणजे त्याच्या कोचने, फाइट थांबवली, म्हणजे आजच्या नियमात ती आधीच पॉइंट्सवर संपली असती. म्हणून आधी नियम कुठल्या काळाचे ते ठरव, मग भांड. माझं विचारशील तर 12 राउंडला उसिक कुणालाही जड जाईल, 15 ला मात्र मी अलीवर पैसे लावेन.