प्राचीन रोमन कॉमेडीत लग्नाआधी दिवस गेलेल्या मुलींचं चित्रण कसं आहे?

बहुतेक वेळा त्या मुली स्टेजवर येतच नाहीत, आतून नुसता आवाज येतो. प्लॉटस या रोमन नाटककाराच्या 'ऑल्युलारिया'त युक्लिओची मुलगी फेड्रिया, सेरेस देवीच्या उत्सवात रात्री तिच्यावर जबरदस्ती झालेली, अख्ख्या नाटकात तिला एवढंच बोलायला मिळतं की कळा येताना दाईला हाक मारते आणि जुनो ल्युसिनाचा धावा करते (ही बाळंतिणींची देवी). टेरेन्स या दुसऱ्या रोमन नाटककाराच्या 'आंद्रिया'त आणि 'अडेल्फी'त पण तोच धावा, या दोन्हीकडे शब्द अगदी सारखे. तिकडे फेड्रियाच्या बापाला, युक्लिओला, आपलं सोन्याचं मडकं सुटत नाही, मुलगी नऊ महिन्यांची पोटुशी आहे हे त्याच्या गावीही नसतं.

पण मला विचाराल तर टेरेन्सचं 'हेसिरा' वाचा, म्हणजे 'सासू'. इ.स.पू. १६५ ला पहिला प्रयोग बंद पडला कारण पब्लिक डोंबाऱ्याचा खेळ आणि मुष्टियुद्ध बघायच्या नादाला लागलं. त्यात फिल्युमेना ही नवी सून सासर सोडून माहेरी जाऊन बसते आणि सगळे म्हणतात सासूनेच छळलं असणार, सासरा तर बायकोला वाट्टेल ते बोलतो. खरं असं की लग्नाआधी एका रात्री रस्त्यात कोणीतरी तिच्यावर बलात्कार केलाय, नवऱ्याने लग्नानंतर सुरुवातीला तिला हातही लावलेला नाही, म्हणजे महिने जुळणार नाहीत, म्हणून आई मिरिना तिला लपवते आणि बाळ जन्मताच टाकून द्यायचं ठरवते. जावयाला कळतं तेव्हा ती त्याच्या पाया पडते की निदान कोणाला सांगू नका. तो गप्प राहायचं कबूल करतो पण बायकोला परत घेणार नाही म्हणतो.

आणि तो बलात्कारी म्हणजे हा नवराच असतो! अंधारात त्याने त्या मुलीच्या बोटातली अंगठी ओरबाडून घेतली होती आणि बाक्किस नावाच्या गणिकेला दिली होती, ती अंगठी मिरिना ओळखते. झालं, बाळ आता औरस आणि नवरा खूश, त्याला स्वतःच्या कृत्याची लाजसुद्धा वाटत नाही. हे वाचताना मला फार राग आला होता, अजूनही येतो. पोरगी तीच, जबरदस्ती तीच, फक्त करणारा नवरा निघाला की सगळं माफ.

तरी टेरेन्सला बायका दिसत होत्या असं मला मनापासून वाटतं. सासू सोस्त्राता सुनेला परत येता यावं म्हणून स्वतः गावाकडे जाऊन राहायला तयार होते, बाक्किसला आपल्या जुन्या गिऱ्हाइकाचा संसार सावरण्यात काहीच फायदा नाही, तरी ती त्या घरच्या बायकांना जाऊन खरं सांगते. पुरुष मात्र नुसते एकमेकांवर ओरडत असतात.

शेवटी नवरा बाक्किसला म्हणतो की बाबांना काही सांगायची गरज नाही, कॉमेडीत सगळ्यांना सगळं कळतं तसं इथे नको. फिल्युमेना तेव्हाही आतच असते, नाटक संपेपर्यंत ती बाहेर येत नाही.